वाऱ्याला विचारून: मेनोर्कातल्या सिउतादेयात सहा दिवस

मेनोर्का हे भूमध्य समुद्रातलं स्पेनचं बेट, पूर्व-पश्चिम जेमतेम ४८ किलोमीटर लांब. पूर्वेच्या टोकाला माओ ही राजधानी, पश्चिमेच्या टोकाला सिउतादेया ही जुनी राजधानी आणि दोन्ही जोडणारा एमई-१ हा एकच मोठा रस्ता. शेजारच्या मायोर्का आणि इबिझा बेटांवर जो धिंगाणा चालतो, त्यातला फारच थोडा इथवर पोचतो. एका गावात मुक्काम टाकावा, दिवसाला एकच काम करावं, दुपारी झोपावं आणि संध्याकाळी बंदरावर फिरावं, असा बेत असेल तर सिउतादेया निवडावं.

पुढचे दिवस क्रमाने लिहिले आहेत, पण तिसरा, चौथा आणि पाचवा हे पत्त्यांसारखे पिसायचे. इथे दिवस वारा ठरवतो. त्रामुंताना, म्हणजे उत्तरेचा वारा, सुटला की उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळतात आणि दक्षिणेच्या खाड्यांतलं पाणी परातीतल्यासारखं निवांत असतं. दक्षिणेचा मिजोर्न सुटला की उलट. म्हणून रात्री झोपण्याआधी दुसऱ्या दिवसाच्या वाऱ्याची दिशा बघायची. जेवणाचं टेबल आणि बस सोडता काहीही फार आधी पक्कं करायचं नाही.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. पॅरिस तीन रात्री आणि मेनोर्का सहा असेल, तर विमान पॅरिसला उतरत असलं तरी अर्ज स्पेनकडेच. मोठ्यांना ९० युरो फी, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. प्रत्यक्षात एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, म्हणून दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे विम्याची तारीख परतीच्या दिवसाच्या आदल्या रात्री संपते. दुसरी चूक म्हणजे बार्सिलोना-माओ हे छोटं विमान कागदपत्रांत दाखवायचं राहून जातं, मग प्रवासाचा आराखडा तुटका दिसतो. लंडनला राहणाऱ्यांकडेही भारतीय पासपोर्ट असेल तर हे सगळं करावं लागतं. जर्मनी किंवा नेदरलँड्सचा रहिवासी परवाना असणाऱ्यांची यातून सुटका आहे.

जायचं कधी? मेचा दुसरा पंधरवडा ते जूनचा मध्य, किंवा पूर्ण सप्टेंबर. पोहणं महत्त्वाचं असेल तर डोळे मिटून सप्टेंबर, कारण समुद्र हळूहळू तापतो. मेमध्ये हवा छान असते, पण पाण्यात पाय घातला की माणूस मागे सरतो. २३ आणि २४ जूनला सिउतादेयात सान जोआनचा उत्सव असतो. मागच्या पायांवर उभे केलेले काळे घोडे गर्दीतून नाचवतात. बघण्यासारखं आहे, पण शांततेसाठी येणाऱ्याने तो आठवडा सोडून द्यावा. ऑक्टोबरनंतर किनाऱ्यांकडे जाणाऱ्या बस बंद होतात आणि बरीच हॉटेलं कुलूप लावतात.

नावांचा घोळ आधीच समजून घ्या. कॅटलानमध्ये माओ, स्पॅनिशमध्ये माओन. सिउतादेयाचं स्पॅनिश नाव सिउदादेला. बार्सिलोनात सिउतादेया नावाची बाग आहे, त्यामुळे मोबाइलवर नुसतं नाव टाकलं तर नकाशा तुम्हाला बागेत नेऊन सोडतो. पुढे ‘मेनोर्का’ जोडा.

राहायचं ते जुन्या गावात. पूर्वी जिथे तट होता तिथून आता एक वळणदार रस्ता जातो. त्याच्या आत किंवा त्याला लागून खोली घ्या. बुकिंगच्या यादीत ‘सिउतादेया’ म्हणून दिसणारी पुष्कळ हॉटेलं खरं तर काला एन ब्लानेस किंवा काला एन बोस्क या वसाहतींत असतात. दुसरी तर गावापासून दहा किलोमीटरवर आहे. मग रोज संध्याकाळी बसच्या शेवटच्या फेरीकडे डोळे लावून बसावं लागतं. जुन्या गावातल्या घरांना बहुधा लिफ्ट नसते, हेही विचारून घ्या. मुक्कामाच्या शेवटी माणशी रोज एक ते चार युरो पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो. सोळा वर्षांखालच्यांना तो नाही.

दिवस पहिला: पोचणं, एवढंच

मुंबईहून मेनोर्काला थेट विमान नाही. आखाती देशांतून किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून बार्सिलोना आणि तिथून तासाभरात माओ. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बार्सिलोनात चार तास मोकळे ठेवा. आखातातून आलात तर शेंगेनमधली पहिली पासपोर्ट तपासणी तिथेच, आणि आता तिथे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. त्यानंतर सामान उचलायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. छोट्या विमानांचे बॅगेच्या मापाचे नियम कडक असतात. आंतरराष्ट्रीय विमानात चाललेली हातातली बॅग इथे दारात अडते आणि तिथल्या तिथे पैसे भरावे लागतात.

माओ विमानतळावरून १० नंबरची बस माओच्या बसस्थानकात जाते. तिथून ०१ नंबरची बस आलायोर, एस मेर्कादाल, फेरेरीएस ही गावं घेत तासाभरात सिउतादेयाला पोचवते. उजवीकडच्या खिडकीशी बसा, म्हणजे मधला एल तोरो डोंगर दिसतो. मायोर्काहून येणाऱ्यांसाठी आल्कुदियाहून बोट आहे. ती आता गावातल्या जुन्या बंदरात येत नाही, गावाबाहेरच्या सोन ब्लांक धक्क्याला लागते.

संध्याकाळी सेस वोल्तेस या कमानींच्या गल्लीतून चक्कर मारा आणि जेवा. साडेआठच्या आत स्वयंपाकघरं उघडत नाहीत. दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात आणि साडेपाचला उघडतात. प्यायच्या पाण्याचा आठ लिटरचा कॅन, ज्याला इथे ‘गराफा’ म्हणतात, आजच आणून ठेवा. नळाचं पाणी जड आहे, चहाही त्यात नीट जमत नाही.

दिवस दुसरा: गाव, मंडई आणि हलणारं बंदर

सकाळी मंडई. प्लासा दे ला लिबेर्तात चौकात हिरव्या-पांढऱ्या फरश्यांचा छोटासा मासळीबाजार आहे. मंगळवार ते शनिवार जा. रविवारी होड्या जात नाहीत, त्यामुळे सोमवारी तिथे बघण्यासारखं काही नसतं. नाश्त्याला सगळे एनसाइमादा सुचवतात, गोगलगाईसारखी गुंडाळलेली, वर पिठीसाखर. शाकाहाऱ्यांनी इथे थांबावं. ‘साइम’ म्हणजे डुकराची चरबी, पदार्थाचं नावच त्यावरून पडलंय. फुलाच्या आकाराच्या पास्तिसेत बिस्किटांतही पारंपरिक कृतीत तीच असते. त्याऐवजी पाम्ब ओली मागा: जाड पाव, त्यावर चोळलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि मीठ. ‘मांसाशिवाय’ एवढं म्हणून भागत नाही. टूना आणि हॅम यांना बऱ्याच खानावळी मांसात धरतच नाहीत, आणि साधं मिश्र सॅलड मागवलं की वर टूना येतो. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून’ अशी सगळी यादी म्हणायची.

मंडईतून ओलिआइग्वाचं सामान घेता येईल. शब्दाचा अर्थ ‘तेल-पाणी’. खोलीला स्वयंपाकघर असेल तर जमण्यासारखा हा एकमेव स्थानिक पदार्थ, आणि तो आपसूक शाकाहारी आहे. चौघांसाठी एक कांदा, दोन हिरव्या ढोबळ्या मिरच्या, तीन-चार लसूण पाकळ्या आणि अर्धी वाटी ऑलिव्ह तेल मंद आचेवर मऊ होऊ द्या. त्यात एक किलो पिकलेले टोमॅटो चिरून घाला, वीस मिनिटं शिजवा आणि मग लिटरभर पाणी. यापुढे खरी कसोटी. भांड्याच्या कडेला पांढुरका फेस धरायला लागला की गॅस बंद, उकळी फुटता कामा नये. उकळलं की तेल आणि पाणी वेगळं होतं आणि रस्सा आंबट लागतो. खाली शिळ्या पावाचे पातळ काप, वर हे सार, सोबत ताजी अंजिरं. टोमॅटोच्या साराची लांबची बहीण म्हणा, फोडणीशिवायची.

दुपारची झोप झाली की प्लासा देस बोर्न. चौकात मध्यभागी एका हल्ल्याच्या आठवणीसाठी उभारलेला २२ मीटर उंच स्तंभ आहे. ९ जुलै १५५८ या दिवशी तुर्की आरमाराने गाव जिंकून जाळलं आणि तीन हजारांवर माणसं गुलाम म्हणून कॉन्स्टँटिनोपलला नेली. दर वर्षी ९ जुलैला गावाच्या सभागृहात त्या विध्वंसाचा जुना दस्तऐवज वाचून दाखवतात. चौकातल्या वाड्यांचे दर्शनी भाग म्हणूनच १५५८ नंतरचे. पुढे १७२२ मध्ये ब्रिटिशांनी राजधानी माओला हलवली. सिउतादेयाचं महत्त्व गेलं, गावाचा चेहरा मात्र त्यामुळेच टिकला.

चौकाच्या मागच्या कठड्यावरून खाली बंदर दिसतं: सुमारे किलोमीटरभर लांब, नाल्यासारखी अरुंद खाडी. कोकणातल्या माणसाला इथे आधी खटकतं ते पाणी. भरती-ओहोटीच नाही. मुंबईला उधाणाच्या वेळी पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, इथे रोजचा फरक वीतभर. तरीही या बंदरात कधी कधी पाणी दहा मिनिटांत मीटरभर उतरतं आणि तेवढंच परत चढतं. स्थानिक लोक याला ‘रिसागा’ म्हणतात. भूकंपाशी याचा संबंध नाही. वर उष्ण आफ्रिकी हवा आली की हवेच्या दाबाच्या छोट्या लाटा समुद्रावरून सरकतात. त्यांचा वेग समुद्रातल्या लाटेच्या वेगाशी जुळला की लाट वाढत जाते. बंदराच्या खाडीचा स्वतःचा झोका साधारण साडेदहा मिनिटांचा आहे. बाहेरून येणारा हेलकावा त्याच तालात आला की झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या धक्क्यांसारखं पाणी वाढत जातं. १५ जून २००६ ला पाण्याची पातळी सुमारे चार मीटर खाली-वर झाली, बंदराचा तळ उघडा पडला आणि डझनावारी होड्या उलटल्या, एकमेकींवर चढल्या. स्पेनचं हवामान खातं रिसागाचा अंदाज देतं. तो असेल त्या दिवशी धक्क्यालगतचं खालचं टेबल घेऊ नका, वरच्या गल्लीत जेवा.

सूर्यास्ताला बंदराच्या तोंडावरच्या सांत निकोलाउच्या अष्टकोनी बुरुजापाशी या. हवा स्वच्छ असेल तर समोर मायोर्काचे डोंगर दिसतात. जवळच फॅरागट यांचा अर्धपुतळा आहे. अमेरिकन नौदलाचे ते पहिले ॲडमिरल, त्यांचे वडील इथले.

दिवस तिसरा: दक्षिणेच्या खाड्या (उत्तरेचा वारा असेल तर)

माकारेया आणि माकारेलेता या दोन खाड्यांचे फोटो बघूनच बहुतेक लोक मेनोर्काला येतात. उन्हाळ्यात तिथवर खासगी गाडी जाऊ देत नाहीत. सिउतादेयाहून ५९ नंबरची बस, आणि तिची जागा आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. परतीची बसही तेव्हाच ठरवा, नाहीतर दुपारी तीनला सगळ्या बस भरलेल्या असतात. जागा मिळाली नाही तर काला गाल्दानापर्यंत साध्या बसने जा आणि तिथून कामी दे कावाल्सने पायी या. सुमारे अडीच किलोमीटर, चाळीस मिनिटं. सुरुवातीला पायऱ्या आहेत, नंतर पाइनच्या झाडांतून सपाट वाट.

कामी दे कावाल्स म्हणजे घोड्यांची वाट. किनाऱ्यावर पहारा ठेवायला घोडेस्वार फिरत, त्या वाटेची आता १८५ किलोमीटरची, वीस टप्प्यांची पायवाट झाली आहे. रानऑलिव्हच्या वाकड्या फांद्यांची फाटकं लागतात. उघडलेलं फाटक आपल्यामागे बंद करायचंच, पलीकडे गुरं असतात. वाटेत पाण्याचा थेंब नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि बंद बूट. चुनखडीची बारीक खडी सँडलमध्ये शिरली की चालणं नकोसं होतं.

माकारेयात एक खानावळ आहे, शेजारच्या माकारेलेतात काहीच नाही. वरच्या वाटेने दहा-पंधरा मिनिटं लागतात. माकारेलेतात बरेचजण कपड्यांविना पोहतात, सासू-सासऱ्यांना नेणार असाल तर आधी सांगून ठेवा. खरं तर वयस्कर माणसं सोबत असतील तर काला गाल्दानालाच थांबा. सपाट वाळू, सावली, स्वच्छतागृह, जेवण, सगळं बसथांब्याजवळ आहे.

किनाऱ्यावर तपकिरी फितींचे ढीग दिसले की लोक नाक मुरडतात. तो कचरा नाही. ती पोसिदोनिया या समुद्री वनस्पतीची वाळलेली पानं, आणि लाटांपासून वाळू तीच धरून ठेवते. पाणी इतकं स्वच्छ असण्याचं श्रेयही बरंचसं तिच्या पाण्याखालच्या कुरणांना जातं. जेलीफिश लागला तर समुद्राच्या पाण्यानेच धुवा. पिण्याच्या पाण्याने धुतलं तर त्वचेवर राहिलेले डंख फुटतात आणि आग वाढते. चोळू नका. लाल झेंडा असेल तर गुडघ्यापर्यंतही नाही.

दिवस चौथा: दगड

वारा कुठलाही असो, हा दिवस चालतो. ढग असतील तर उत्तमच. आज आणि उद्या अशी दोन दिवसांसाठी गाडी घ्या. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो आपल्या आरटीओतून १,००० रुपयांत मिळतो आणि वर्षभर चालतो. गाडी घेताना डिपॉझिटसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. फॉरेक्स कार्ड किंवा बायकोचं कार्ड पुढे केलं की काउंटरवर सगळा बेत अडकतो. गावात निळ्या पट्ट्यांच्या जागेला पैसे, पिवळ्या पट्टीला गाडी लावायची नाही, पांढरी मोकळी.

एमई-१ वर पाचेक किलोमीटरवर नावेता देस तुदोन्स. पावसाळ्यात किनाऱ्यावर उपडी घालून ठेवलेल्या होडीसारखी दगडी वास्तू, चुन्याविना रचलेली. इसवी सनापूर्वी बाराव्या शतकाच्या आसपास बांधलेली ही सामुदायिक कबर. आत किमान शंभर माणसांचे अवशेष सापडले. आत जाता येत नाही, बुटक्या दारातून वाकून बघायचं. सकाळी लवकर जा, कारण नंतर सहलीच्या बस येतात. तिथून तोरेत्रेंकादाला वळा. इंग्रजी टी अक्षरासारखी उभी-आडवी शिळा, तिला ‘ताउला’, म्हणजे टेबल, म्हणतात. ऑलिव्हच्या झाडांत बहुधा तुम्ही एकटेच असता. हा सगळा वारसा २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला.

वाटेत दोन्ही बाजूंना चुन्याविना रचलेल्या भिंती दिसत राहतात. कोकणातला माणूस त्यांना एका शब्दात ओळखेल: गडगा. संबंध बेटावर गडगेच गडगे, त्रामुंतानापासून पिकं आणि गुरं वाचवायला.

दुपारनंतर गावाजवळच्या सोस्ताल खाणी. इथला मारेस दगड मऊ, वालुकामय आणि पिवळट. जांभ्याचे चिरे जसे खाणीतून काढतात तसेच याचे चिरे काढत आणि घरं, देवळं त्यांचीच. हातांनी कोरलेल्या जुन्या खाणी वेड्यावाकड्या, आत अंजीर आणि डाळिंबं उगवलेली. नंतरच्या यंत्राच्या खाणी म्हणजे सरळसोट खोल चौकोन, भिंतींवर पात्याच्या आडव्या रेघा. खाणकाम १९९४ मध्ये थांबलं. भर दुपारी जाऊ नका, तो पिवळा दगड तव्यासारखा तापतो. दुपारी चारनंतर एका भिंतीची सावली दुसरीवर पडते, तेव्हा रेघा उठून दिसतात.

दिवस पाचवा: उत्तर (दक्षिणेचा वारा असेल तर)

आधी एल तोरो. ३५८ मीटर उंच, बेटावरचं सर्वांत उंच ठिकाण. वरपर्यंत गाडी जाते. इथून दोन्ही किनारे दिसतात, आणि कुठल्या बाजूला पाणी पांढरं झालंय ते बघून बाकीचा दिवस अजूनही बदलता येतो. उत्तरेचा दगड जुना, काळा-तांबडा, तर दक्षिण पांढऱ्या चुनखडीची. रंगातला फरक वरूनही कळतो. पुढे कावाल्येरिया भूशिरावरचं १८५७ चं दीपगृह. तिथे झाड नाही, टोपी हातात धरून चालावं लागतं.

जेवायला फोर्नेल्स. इथली कालदेरेता, म्हणजे शेवंडांचा रस्सा, प्रसिद्ध. मेन्यूवर आकडा दिसला तर तो किलोचा आहे की माणशी, हे आधी विचारा. आकडा नसेल तर नक्कीच विचारा. ऑगस्ट संपला की शेवंडांची पकड बंद होते, सप्टेंबरात मिळेल ते साठवलेलं.

दिवस सहावा: माओमार्गे परत

विमान संध्याकाळचं असेल तर सकाळच्या ०१ नंबरने माओ. सकाळचं असेल तर माओ सोडून द्या, धावपळ करण्याइतकं काही बिघडत नाही. माओत बघायचं ते सुमारे पाच किलोमीटर आत शिरलेलं बंदर, सांता मारिया चर्चमधला १८१० चा ऑर्गन आणि घरांच्या पुढे आलेल्या काचेच्या खिडक्या. त्यांना इथे ‘बोइंदर’ म्हणतात, इंग्रजांच्या ‘बो विंडो’चं अपत्य. खडूला ‘शोक’ म्हणतात, तोही त्यांच्या ‘चॉक’वरून. टेबल, बस आणि पेन रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

न्यायच्या वस्तू तीन. माओ चीज: कोवळं तीन आठवड्यांचं, जून झालेलं पाच महिन्यांच्या पुढचं. लांबच्या प्रवासाला जूनच घ्या, कोवळं घामेजतं. कट्टर शाकाहाऱ्यांनी ‘कुआखो व्हेहेताल’, म्हणजे वनस्पतिजन्य विरजण वापरलंय का, ते विचारावं. अवार्का चपला: वर चामडं, खाली टायरचा तळ, कोल्हापुरीची भावकीच. चामडं सैल होतं, म्हणून पायाला जरा घट्ट बसणारा जोड घ्या. आणि इंग्रज खलाशांच्या तहानेतून सुरू झालेली इथली जिन, जी लिंबू सरबतात मिसळून ‘पोमादा’ म्हणून पितात आणि सरबतासारखी घटाघटा प्यायली तर बाधते. बाटली हातातल्या बॅगेत ठेवलीत तर सुरक्षा तपासणीत जाईल. बाटलीवर मोजा, दोन्ही बाजूंना अवार्का, आणि बॅग चेक-इनला.